झोडणे आणि गिळणे

नातीच्या इंग्रजीच्या अभ्यासात एक प्रश्न आला होता. घाईघाईने खाण्यासाठी इंग्रजीत ‘बोल्ट’ आणि ‘वुल्फ’ अशी दोन क्रियापदे आहेत. त्या शब्दांचे इतर अर्थ सांगून दोन्हींतला फरक स्पष्ट करा. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता, पण घरात त्या वेळी दुसरे कोणी नव्हते. आम्ही दोघे कोश घेऊन बसलो. तासाभरात तिचे उत्तर तयार झाले. मग वही मिटता मिटता तिने विचारले, “आजोबा, मराठीत असे शब्द कुठले?” त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी जिथे पोचलो, त्याची ही हकिकत आहे.

आधी इंग्रजीचे पाहू, कारण तुलनेला एक मोजपट्टी लागते. ‘बोल्ट’चा सर्वांत जुना अर्थ बाण. लांब पिसाऱ्याचा नव्हे, तर आडव्या धनुष्यातून सुटणारा आखूड, जाड, बोथट बाण. त्यावरून वीज कोसळते तिलाही बोल्ट म्हणू लागले. त्या बाणासारखी दिसणारी, सरकवून बसवायची लोखंडी कांब म्हणजे दाराची कडी, आणि पुढे आपल्या गॅरेजवाल्यांचा नट-बोल्ट. घोडा बिथरून सुसाट सुटला तरी तो ‘बोल्ट’ करतो. चाळणीने पीठ चाळण्यालाही इंग्रजीत हाच उच्चार आहे, पण ते कूळ वेगळे; तो शब्द फ्रेंचमधून आलेला आहे. खाण्याचा अर्थ या शब्दाला अठराव्या शतकाच्या अखेरीस चिकटला. घास तोंडात आला आणि चावण्याचा मुक्काम न घेता बाणासारखा घशात गेला, एवढेच त्यात सांगितलेले आहे.

‘वुल्फ’ म्हणजे लांडगा. नाम म्हणून शब्द फार जुना, पण खाण्याचे क्रियापद म्हणून त्याचा वापर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तिथे घासाची गती गौण आहे, खाणारा महत्त्वाचा आहे. इंग्रजीत उपासमार टाळण्याला ‘लांडग्याला दारापासून दूर ठेवणे’ म्हणतात, म्हणजे लांडगा हेच भुकेचे नाव आहे. तेव्हा फरक असा झाला: गाडी पकडायची आहे तो बोल्ट करतो, दोन दिवसांचा उपाशी आहे तो वुल्फ करतो. पहिल्यात घाई, दुसऱ्यात भूक. नातीने हे वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले.

मराठीतले जेवण की लढाई?

आता मराठी. आम्ही कागदावर यादी करू लागलो, आणि पहिल्या दहा मिनिटांतच लक्षात आले की आपण पानावर बसलेलो नसून रणांगणात उभे आहोत. भाकरी हाणणे. मेजवानी झोडणे. पुरणपोळीवर आडवा हात मारणे. श्रीखंडावर ताव मारणे. कढीचा भुरका मारणे. लाडवांचा समाचार घेणे. जिलब्यांचा फडशा पाडणे. भज्यांचा फन्ना उडवणे. ठासून खाणे. चापून खाणे. यातल्या कुठल्याही वाक्यातून खाद्यपदार्थाचे नाव काढून तिथे शत्रूचे नाव घाला. वाक्य बखरीत शोभेल.

यातले दोन शब्द तर सरळ शस्त्रागारातून आलेले दिसतात. ‘चाप’ म्हणजे संस्कृतात धनुष्य. मराठीत तो बंदुकीचा घोडा झाला, केसांची आणि कागदांची पकड झाला. ‘चापणे’ म्हणजे दाबून बसवणे, आणि त्यावरून चापून खाणे. ‘ठासणे’ हा शब्द तोंडाकडून दारू भरायच्या बंदुकीशी जोडलेला आहे. ठासणीची बंदूक म्हणतात ती तीच. गजाने दारू आणि गोळी आत कोंबायची, तसे अन्न पोटात कोंबायचे. इंग्रजाने घास बाणासारखा सोडला, आपण तो बंदुकीत भरला. इंग्रजी शब्द हत्यारातून बाहेर सुटणाऱ्या वस्तूकडे पाहतो, मराठी शब्द हत्यार भरण्याकडे. घाईपेक्षा पोट गच्च होण्याचे कौतुक आपल्याला जास्त.

यादीच्या दुसऱ्या बाजूला अगदी थोडे शब्द उरले. गिळणे, ढोसणे, कोंबणे, हादडणे, आणि बकाबका, गपागप, मटामट अशी अनुकरणवाचक क्रियाविशेषणे. ‘बकाबका’वरून नातीला एकदम बकासुर आठवला. एकचक्रा नगरीत गाडाभर अन्न आणि गाडीवान दोन्ही फस्त करणाऱ्या त्या राक्षसाचे नाव या शब्दात आहे, असे मानायला कोणालाही आवडेल. पण गपागप, घटाघट, मटामट हे सगळे शब्द एकाच साच्यात तोंडाच्या आवाजावरून घडलेले आहेत. त्यातल्या एकट्या बकाबकाला पुराणात पाठवण्याचे कारण नाही. व्युत्पत्तीत सगळ्यांत गोड वाटणारी शक्यता आधी तपासून पाहावी, हा धडा मी विद्यार्थ्यांना द्यायचो. तो मला पुढे स्वतःसाठीच लागला.

या दोन गटांतून एकेक शब्द घेऊन मी पुढे जाणार आहे: पहिल्यातला ‘झोडणे’, दुसऱ्यातला ‘गिळणे’. इंग्रजीच्या प्रश्नासारखाच प्रश्न त्यांना विचारायचा आहे. त्यांचे इतर अर्थ कोणते, आणि दोघांत फरक काय?

कोशांची मदत

अशा शब्दांसाठी मराठी अभ्यासकाला आधार आहे तो मुख्यतः दोन कोशांचा. पहिला मोल्सवर्थचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला हा अधिकारी कँडी बंधू आणि मराठी शास्त्रीपंडित यांना बरोबर घेऊन कोशाच्या कामाला लागला. मराठी–इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली निघाली, वाढवलेली दुसरी १८५७ साली. दुसऱ्या आवृत्तीतल्या शब्दांची संख्या सुमारे ६०,००० आहे. या कोशाचे मोठेपण संख्येपेक्षा वृत्तीत आहे. पोथीतल्या शब्दांबरोबर स्वयंपाकघरातले, शेतातले, भांडणातले शब्द आणि म्हणी त्यात आल्या. अमुक वापर सैल आहे, तमुक ग्राम्य आहे, अशा सूचना जोडल्या गेल्या, पण ग्राम्य म्हणून शब्द हद्दपार झाले नाहीत.

दुसरा आधार य. रा. दाते, चिं. ग. कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या महाराष्ट्र शब्दकोशाचा. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात विभाग निघाले, १९५० साली पुरवणी आली. कोकण, गोवा, वऱ्हाड अशा प्रदेशांतले वापर खुणा करून त्यात नोंदवलेले आहेत. दाते-कर्वे यांनीच १९४२ ते १९४७ या काळात वाक्संप्रदायांचा वेगळा कोश दोन भागांत दिला. आडवा हात मारणे किंवा समाचार घेणे यांसारखे प्रयोग एकेका शब्दात पकडता येत नाहीत. ते वाक्प्रचारातच राहतात. म्हणून असा वेगळा कोश लागतो. कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ सालचा. चार-पाच दशके हे ग्रंथ माझ्या टेबलावर आहेत. तरीही शब्दाचा एक भाग कोशाबाहेर राहतो: तो शब्द कोण, कोणाला, कुठल्या स्वरात म्हणतो. तो भाग माणसांत शोधावा लागतो.

झोडणे

झोडणे म्हणजे काठीने किंवा आपटून मारणे. पावसाने झोडपले, मास्तरांनी झोडपले, वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली. राजाने मारले आणि पावसाने झोडपले तर दाद मागायची कोणाकडे, ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. पण ठाणे, रायगड आणि खाली कोकणात या शब्दाला एक शेतकामाचा अर्थ आहे. कापलेल्या भाताचे भारे खळ्यावर आणायचे आणि लाकडी फळीवर किंवा दगडावर आपटून लोंब्यांतले दाणे मोकळे करायचे. हे भात झोडणे. हाताच्या एका ठेक्यात दाणा गळतो आणि हातात पेंढा राहतो. ज्वारी-बाजरीच्या मुलखात खळ्यात बैल फिरवून मळणी होते. आमच्या सातारकडच्या बोलीत म्हणूनच ‘मळणे’ होते, भात ‘झोडणे’ मी नवी मुंबईत राहायला आल्यावर ऐकले.

इथे मला पहिल्यांदा मोह झाला. भात झोडले की त्या दिवशी नव्या तांदळाचे जेवण. म्हणून झोडणे म्हणजे पोटभर खाणे! व्युत्पत्ती जुळली, शेत आणि पान एका शब्दात आले, लेखही तयार. पण बकासुराला जो नियम लावला तो इथेही लावायला हवा. आपण मेजवानी झोडतो तशा गप्पाही झोडतो. सभेत कोणी व्याख्यान झोडतो. गप्पांचा आणि भाताचा काही संबंध नाही. म्हणजे या सगळ्या वापरांत ‘झोडणे’चा अर्थ हात न आखडता, पोटभर, मोजमाप न ठेवता एखादी गोष्ट करणे असा झाला आहे. मारण्यातला जोर तेवढा उरला, मार गळून गेला. ठोकणे, हाणणे, मारणे या शब्दांचेही तेच झाले: भाषण ठोकतात, बाता मारतात, दांडी मारतात. तेव्हा मेजवानी झोडणे खळ्यावरून आले नाही. खळे आणि मेजवानी ही एकाच जोराची दोन भावंडे आहेत. सिद्धान्त गेला, पण शब्द जास्त स्पष्ट झाला.

‘हाणणे’ हा झोडण्याचा थोरला भाऊ. त्याचे घराणे संस्कृत ‘हन्’ धातूपर्यंत, म्हणजे थेट मारण्यापर्यंत जाते. हा शब्द मी कोशाच्या आधी घरात ऐकला. तात्या, म्हणजे माझे वडील, माथाडी कामगार होते. सातारा-सांगलीकडच्या हजारो माणसांप्रमाणे तेही मुंबईला मस्जिद बंदरच्या बाजारात गोणी वाहायला आले. डोक्यावर, माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. अण्णासाहेब पाटलांनी या विखुरलेल्या माणसांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, तेव्हा कुठे या कामाला हजेरी, मंडळ आणि भविष्यनिर्वाह निधी हे शब्द लागू झाले. पुढे बाजार टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे तुर्भे-वाशीला हलला, तात्याही त्याच्यामागे हलले, आणि आम्ही नवी मुंबईकर झालो.

दुपारच्या जेवणाचे वर्णन तात्या एकाच वाक्यात करत. “दोन गाड्यांच्या मधी तीन भाकरी हाणल्या अन् लागलो पाठीला.” एक गाडी खाली झाली, दुसरी लागायची आहे, मुकादमाची हाक येईपर्यंत टोळीने जेवून घ्यायचे. इंग्रजीच्या हिशेबाने हे बोल्ट करणे, घाई आहे. पण तात्यांच्या ‘हाणल्या’मध्ये घाईची तक्रार नव्हती. वेळ त्यांच्या हातात नव्हता, भाकरी होती. तिच्यावर त्यांनी हात टाकला, ती जिंकली. कामाच्या दिवसात जिंकल्यासारखे वाटावे असे दुसरे होते तरी काय?

यावरून या गटाचा एक नियम मला दिसतो. हाणणे, झोडणे, ताव मारणे हे शब्द बोलणारा बहुधा स्वतःविषयी वापरतो, आणि तेही भूतकाळात. मी हाणल्या, आम्ही झोडली, काल ताव मारला. त्यात फुशारकी आहे, सोबती आहेत, पंगत आहे. दुसऱ्याविषयी वापरले तरी त्यात बहुतेकदा असूयेसह कौतुक असते. आणि बोलणारा बहुतेकदा पुरुष असतो.

आई काय म्हणायची? सगळ्यांची ताटे झाल्यावर ती चुलीपाशीच बसायची. उरलेले वाढून घेऊन, कोणी हाक मारायच्या आत, आमच्या सगळ्यांपेक्षा कमी वेळात तिचे जेवण आटपायचे. घरातली सर्वांत वेगवान जेवणारी व्यक्ती तीच. पण तिने कधी भाकरी हाणली नाही. शेजारणीने विचारले की ती सांगायची, “ढकलले दोन घास पोटात.” ढकलणे! दार ढकलावे, दिवस ढकलावा, तसे अन्न ढकलायचे. या क्रियापदात ना बाणाचा वेग आहे, ना लांडग्याची भूक, ना खळ्याचा जोर. एक काम उरले होते ते उरकले. घाईने खाण्याला मराठीत शब्द पुष्कळ आहेत, पण ते घरात सारखे वाटलेले नाहीत.

गिळणे

गिळणे हा शब्द कुळाने झोडण्यापेक्षा कितीतरी जुना. संस्कृतात ‘गिरति’ किंवा ‘गिलति’ म्हणजे गिळतो. या धातूची लेकरे आपल्या ओळखीची आहेत. अज म्हणजे बोकड, त्याला गिळतो तो अजगर. तिमि नावाच्या प्रचंड माशाला गिळणारा तो तिमिंगिल. आणि संस्कृत कल्पनाशक्ती एवढ्यावर न थांबता तिमिंगिलालाही गिळणारा तिमिंगिलगिल निर्माण करते. याच मूळ धातूची एक शाखा युरोपात गेली, तिच्यातून लॅटिनमधला ‘व्होरारे’ आणि त्यावरून इंग्रजीतला अधाशीपणे खाण्याचा ‘डिव्हाउर’ हा शब्द आला. नातीच्या पुस्तकातल्या बोल्ट आणि वुल्फपेक्षा हा तिसरा इंग्रजी शब्द आपला जवळचा नातेवाईक निघाला.

मराठीत गिळण्याचे इतर अर्थ काय? आवंढा गिळणे. राग गिळणे. अपमान गिळणे. बोलताना शब्द किंवा अक्षर गिळणे. मूग गिळून बसणे. यादी पुन्हा वाचा. यातल्या एकाही ठिकाणी गिळणाऱ्याला सुख नाही. जे बाहेर पडायला हवे होते ते आत दाबले आहे. झोडण्याचा जोर बाहेर जातो, गिळण्याचा आत. एकात आवाज आहे, दुसऱ्यात गप्प बसणे.

म्हणूनच ‘मी गिळले’ असे आपण जेवणाविषयी सहसा म्हणत नाही. म्हटलेच तर औषधाच्या गोळीविषयी. गिळणे हे दुसऱ्याला म्हणायचे क्रियापद आहे, आणि त्याचे खरे रूप आज्ञार्थी: “गिळ आता.” त्रासलेली आई पोराला म्हणते, त्यात निदान माया तरी असते. पण हाच शब्द घरात आश्रिताला, म्हाताऱ्या माणसाला, कमावत नसलेल्याला उद्देशून आला की त्याची धार वेगळी असते. खायला काळ आणि भुईला भार ही म्हण त्याच घरातली. जेवण तेच, वेगही तोच. हाणणाऱ्याच्या पाठीशी दिवसभराचे काम उभे असते, गिळणाऱ्याचे काम कोणी मोजलेले नसते. कोणाच्या भुकेला कोणते क्रियापद मिळणार हे त्याच्या भुकेवर ठरत नाही, त्याच्या घरातल्या जागेवर ठरते. इंग्रजीतले घाई आणि भूक हे माप इथे अपुरे पडते. मराठीतला फरक मानाचा आहे.

गिळण्याचा आणखी एक अर्थ आहे, आणि त्यासाठी घराबाहेर पडावे लागते. मोठा मासा लहान माशाला गिळतो, याला आपल्या राजनीतीच्या ग्रंथांनी मत्स्यन्याय म्हटले; दंड धरणारा राजा नसेल तर समाजात हेच होते, असा त्याचा आशय. आज रोजच्या वर्तमानपत्रात हा अर्थ ‘गिळंकृत’ या शब्दातून भेटतो. गिळणे या अस्सल मराठी क्रियापदाला अलंकृत, झंकृत यांच्या वळणाचे शेपूट लावून हा शब्द घडला आहे. ‘ळ’ तसाच ठेवून संस्कृतचा वेष चढवलेला! अन्नासाठी तो जवळजवळ वापरला जात नाही. गिळंकृत होतात त्या जमिनी, तलाव, मैदाने, कांदळवने. भूखंडाचे श्रीखंड हा मराठी राजकारणात गाजलेला शब्दप्रयोगही त्याच पानावर वाढलेला.

ग्रस्त

नवी मुंबईत राहून गिळण्याचा विचार करणारा माणूस शेवटी ज्या शब्दापाशी येतो तो कोशात ‘ग’मध्ये सापडतो, पण खाण्याच्या शब्दांत त्याची नोंद कोणी करत नाही. ‘ग्रस्’ या संस्कृत धातूचा अर्थ गिळणे. ग्रास म्हणजे घास. ग्रहणात सूर्य किंवा चंद्र पूर्ण झाकला की खग्रास, अर्धवट झाकला की खंडग्रास. राहूने घास घेतला, पूर्ण किंवा अर्धा. २०२२ सालच्या दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, आपल्याकडे सूर्य ग्रहण लागलेल्या स्थितीतच मावळला. पंचांगाने त्याला ‘ग्रस्तास्त’ म्हटले. गिळलेल्या अवस्थेत मावळणे.

आणि या शहराच्या कारभारात, मोर्चात, अर्जात सर्वांत जास्त वापरला जाणारा मराठी शब्द आहे ‘प्रकल्पग्रस्त’.

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतल्या ९५ गावांची जमीन शहरासाठी घेण्याचे ठरले. ही भाताची खाचरे, खाडीला बांध घालून केलेल्या खारजमिनी आणि मिठागरे होती. आगरी, कोळी आणि इतर समाजांची वस्ती होती. आगरी हे नावच मिठाच्या आगरावरून आलेले. भरपाईच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत उरण परिसरातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्यानंतर, १९९० साली, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याचा निर्णय झाला. आज ‘साडेबारा टक्के’ हा इथला एक स्वतंत्र शब्दच आहे.

प्रकल्पग्रस्त हा शब्द कोणी ‘गिळलेला’ या अर्थाने घडवलेला नाही, हे मला ठाऊक आहे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त या साच्यात तो ओतला गेला. ग्रस्त म्हणजे पीडित असाच आज सगळे अर्थ घेतात. झोडण्याच्या वेळी मी जो मोह आवरला तो इथेही आवरला पाहिजे. धातूचा अर्थ म्हणजे आजचा अर्थ नव्हे. पण साचा तरी काय सांगतो? पूर, दुष्काळ, भूकंप यांच्या रांगेत ‘प्रकल्प’ बसवला गेला. पहिले तीन निसर्गाचे कोप. चौथा माणसांनी नकाशा काढून, ठराव करून, तारीख लावून आणलेला. धरणग्रस्त हा त्याचाच भाऊ. सरकारी भाषा सहसा खरे लपवण्यासाठी वापरली जाते अशी आपली तक्रार असते. इथे मात्र सरकारदरबारी रुजलेल्या शब्दानेच आपत्तीची कबुली दिली आहे, आणि अर्जाच्या प्रत्येक नमुन्यावर ती छापली जाते.

या कबुलीत माझाही वाटा आहे, ते सांगितल्याशिवाय हा निबंध पुरा होणार नाही. तात्यांच्या हाणलेल्या भाकरीचा अभिमान मी वर लिहिला. ती भाकरी ज्या बाजारात हाणली गेली तो बाजार, आणि आम्हाला डोक्यावर छप्पर देणारे घर, दोन्ही त्या संपादित जमिनीवरच आहेत. सातारच्या कोरडवाहू रानाने ज्यांना पोसले नाही त्यांना या शहराने पोसले, आणि या शहराने ज्यांची खाचरे घेतली ते शेजारी राहिले. आम्ही कोणाची जमीन बळकावली नाही. पण ग्रहणात एकाचा ग्रास होतो तेव्हा त्या सावलीत उभे असणारे आणखी कोणी असतात. आम्ही त्या सावलीत घर बांधले.

आमच्या वसाहतीला लागून जुने गावठाण आहे. तिथले एक वयस्क आगरी गृहस्थ सकाळी फिरायला माझ्याबरोबर असतात. भात झोडण्याची रीत मला त्यांनीच हाताने करून दाखवली, मोकळ्या मुठीत नसलेला भारा धरून. त्यांच्या वडिलांचे खळे कुठे होते तेही दाखवले. आज तिथे गाड्या उभ्या असतात. मी त्यांना म्हटले की कोशात झोडण्याचे चार-पाच अर्थ आहेत. ते हसले. “आमच्याकडं एकच राहिलाय. झोडाला भात नाय, म्हणून गप्पा झोडतंव.”

शब्दाचा एखादा अर्थ मरतो तेव्हा कोशकार त्याच्यापुढे ‘जुना’ अशी खूण करतो. भात झोडणे हा अर्थ रायगडात, कोकणात अजून जिवंत आहे. आमच्या या नाक्यापुरता तो गेला. गिळंकृत आणि प्रकल्पग्रस्त मात्र रोज नव्याने छापले जातात. एका शहराच्या पन्नास वर्षांचा इतिहास खाण्याच्या दोन क्रियापदांत एवढा मावेल असे मला नातीची वही उघडताना वाटले नव्हते.

तिच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर थोडक्यात असे: इंग्रजीत पाहायचे की खाणाऱ्याला घाई आहे की भूक. मराठीत पाहायचे की बोलणारा स्वतःविषयी बोलतो आहे की दुसऱ्याविषयी, आणि ज्याच्याविषयी बोलतो आहे त्याला मान आहे की नाही. आपण झोडतो. दुसरा गिळतो. आई ढकलते.

तिने आणखी एक विचारले: मग सावकाश जेवण्याला मराठीत काय म्हणतात? मला चटकन क्रियापद सुचेना. त्याच आठवड्यात गावठाणातल्या त्या गृहस्थांच्या घरी हळदीचे जेवण होते. आम्ही दोघे पंगतीला बसलो. तांदळाची भाकरी, भात, वर रस्सा. पंगत लांब होती आणि मागे दुसरी पंगत उभी होती, म्हणून सवयीने माझा हात भरभर चालू लागला. ते वाढायला फिरत होते. माझ्या पानापाशी थांबले, हातातले भांडे खाली ठेवले, आणि प्रत्येक मराठी यजमान पाहुण्याला म्हणतो तेच म्हणाले, “सावकाश होऊ द्या.”

नातीने माझ्याकडे पाहिले. तिला उत्तर मिळाले होते.